रेड अलर्ट येतो, गाव हलत नाही: धोका कसा दिसतो त्यावर निर्णय ठरतो

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून ग्रामपंचायत सदस्याने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: गेल्या पावसाळ्यात चार वेळा रेड अलर्ट आला, पाणी काही अंगणात आलं नाही. पाचव्या वेळी भोंग्यावरून सांगितलं तर कोणी घर सोडेना. जुनी माणसं म्हणतात, पाणी पिंपळाच्या पारापुढे कधी गेलेलं नाही. तरुण मंडळी मोबाइलवर भलतेच व्हिडिओ दाखवतात. आणि नंतर मदत आली की सगळी हमरस्त्याजवळच्या वाडीत उतरते. तलाठी एक सांगतो आणि गावातलं मंडळ दुसरंच. मग निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा?

यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. आपत्तीच्या आधी धोका असतो त्याहून लहान दिसतो. आपत्तीनंतर जेवढं समोर दिसतं तेवढंच सगळं नुकसान वाटतं. दोन्ही वेळा माणसं डोळ्यांपुढच्या चित्राप्रमाणे वागतात, आणि ते चित्र अपुरं असतं. संशोधक मिका एंड्सली यांनी १९९५ साली ‘परिस्थितीचं भान’ या विषयाची जी मांडणी केली ती इथे उपयोगी पडते: आधी खुणा दिसाव्या लागतात, मग त्यांचा अर्थ लागावा लागतो, मग पुढे काय होणार याचा अंदाज बांधता यावा लागतो. गावं बहुधा तिसऱ्या पायरीवर अडतात. पाणी वाढतंय हे सगळ्यांना दिसतं, पण ‘तीन तासांनी कुठे असेल’ हे कोणी मांडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालचं सगळं तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू होणार नाही. खाडीकाठचं गाव, धरणाखालची वाडी, डोंगराच्या कुशीतली वस्ती आणि समुद्राला लागून असलेली आळी यांना मिळणारा वेळ फार वेगळा असतो. नदीच्या पुरात काही तास मिळतात. दरडीत काही क्षणही मिळत नाहीत. त्यामुळे तुमचं गाव यातल्या किती प्रकारांत मोडतं ते आधी ठरवा. कोकणात बरीच गावं एकाच वेळी दोन प्रकारांत मोडतात.

आता पिंपळाच्या पाराची गोष्ट. जुन्या माणसांची आठवण खोटी नसते, पण ती मोजपट्टी म्हणून वापरली की फसवते. चिपळूणमध्ये २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांच्या लक्षात होता. ‘तेव्हा इथवर आलं होतं’ असं धरून अनेकांनी माल त्या खुणेच्या वर ठेवला आणि २२ जुलै २०२१ ला पाणी तीही खूण ओलांडून गेलं. आठवणीतला सर्वात मोठा पूर हा शक्य असलेला सर्वात मोठा पूर नसतो. खूण रंगवा, जरूर रंगवा, पण तिच्यावर आणखी दीड मीटर चढवून दुसरी रेघ मारा आणि नियोजन त्या वरच्या रेघेवर करा.

दुसरी फसगत खिडकीतून होते. आपल्या दारात पडणारा पाऊस आणि आपल्याला बुडवणारा पाऊस हे वेगळे असतात. जगबुडी, वाशिष्ठी, सावित्री या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि पश्चिमेला समुद्र गाठायला त्यांना फारसं अंतर नसतं. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की तुमच्या अंगणात उघडीप असतानाही नदी फुगते. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजप्रकल्पातून कोळकेवाडीमार्गे येणारं पाणीही मिळतं. वर भरतीचा हिशेब. उधाणाच्या भरतीत खाडीचं पाणी आत चढतं आणि नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. २२ जुलै २०२१ ला पौर्णिमा तोंडावर होती, हे लक्षात घ्या. मासेमारी करणाऱ्या घरांत एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास; दिवसा एकदा, रात्री एकदा. ही वेळ मुखाशी. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, म्हणून तुमच्या धक्क्यावरचा फरक चार-पाच दिवस घड्याळ लावून लिहून काढा.

रेड अलर्टबद्दलचा राग समजण्यासारखा आहे. पण हवामान खात्याचा रंग सहसा जिल्ह्याला असतो, वाडीला नसतो. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिजोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार, अशी त्यांची वर्गवारी आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेतरी २०४.४ च्या वर पडण्याची शक्यता असेल तर तुमच्या जिल्ह्यावरही लाल रंग चढतो, आणि प्रत्यक्ष पाऊस तुमच्यापासून साठ किलोमीटरवर पडतो. इशारा खरा ठरतो, तुम्हाला तो खोटा वाटतो. म्हणून रंगाला ‘जागे व्हा, मोजायला लागा’ इतकाच अर्थ द्या. हलायचं की नाही हे गावातल्या मोजमापावर ठरवा.

वादळाच्या बाबतीत नकाशावरची रेघ अशीच फसवते. मे २०२१ मध्ये तौक्ते गुजरातच्या किनाऱ्यावर धडकणार हे आधीपासून सांगितलं जात होतं, आणि त्यामुळे ‘आपलं काही नाही’ असं बऱ्याच ठिकाणी वाटलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरं, बागा, होड्या यांचं नुकसान करून गेलं. रेघ वादळाच्या मध्याची असते, वारा तिच्या दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. निसर्ग ३ जून २०२० ला थेट रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वेगळी अडचण होती: चक्रीवादळं पूर्व किनाऱ्यावर होतात, अशी पक्की समजूत. आणखी एक धोका सगळ्यांना सांगून ठेवा. वादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर वारा अचानक पडतो, कधी ऊनही दिसतं. संपलं असं वाटून लोक उडालेले पत्रे गोळा करायला बाहेर पडतात आणि मग उलट दिशेने तेवढाच वारा येतो. वारा हळूहळू कमी झाला तर वादळ दूर गेलं. एकदम थांबला तर घरातच थांबा.

आता मुख्य काम. ताणाखाली, रात्री, भिजलेल्या माणसांनी ठरवायच्या गोष्टी जितक्या कमी तितकं बरं. निर्णय मे महिन्यात, डोकं शांत असताना घ्या आणि पावसात फक्त खूण बघा. त्यासाठी उलटा हिशेब करायचा असतो. समजा तुमच्या खालच्या वाडीत चाळीस घरं आहेत. निरोप सगळीकडे पोचायला २० मिनिटं, लोकांनी एकमेकांना विचारून खात्री करायला ३०, आवराआवर आणि गुरं सोडायला ४५, म्हाताऱ्यांना घेऊन शाळेपर्यंत चढायला ४०. झाली १३५ मिनिटं. रात्र आणि पाऊस धरून त्यात निम्मी भर घाला, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. नदी तासाला ४० सेंटिमीटरने चढत असेल तर तेवढ्या वेळात ती सुमारे १.४ मीटर चढणार. म्हणजे सर्वात खालच्या घराच्या उंबरठ्याच्या १.४ मीटर खाली तुमची ‘निघा’ची रेघ हवी. बहुतेक गावांत ही रेघ काढली की लोक चमकतात, कारण त्या पातळीला पाणी अजून पात्रातच असतं आणि धोका मुळीच दिसत नसतो. नेमकं म्हणूनच रेघ रंगवून ठेवायची. वाढीचा वेग तुमच्या नदीचा काढा, माझा आकडा उदाहरणापुरता आहे.

रेघा पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर, अर्धा-अर्धा फूट उंचीच्या पट्ट्यांनी, टॉर्चच्या उजेडात दिसतील अशा तैलरंगात मारा. जलसंपदा खात्याची इशारा पातळी आणि धोका पातळी असते, खेडला जगबुडीसाठी ती ५ आणि ७ मीटर आहे. पण ती मोजणीच्या ठिकाणची. तिथे ५ मीटर असताना तुमच्या पुलावर किती असतं हे दोन पावसाळे लिहून जोडावं लागतं. वाचायला एक नावानिशी माणूस आणि एक बदली. दर अर्ध्या तासाला वहीत तीन गोष्टी: पातळी, भरतीची स्थिती, पाऊस. पाऊस मोजायला सरळ उभ्या कडांचा कोणताही स्टीलचा डबा उघड्यावर ठेवा. आत साचलेल्या पाण्याची मिलिमीटरमधली उंची म्हणजेच पाऊस, तोंड लहान-मोठं असण्याने फरक पडत नाही. एकदाच बघितलेल्या पातळीपेक्षा सलग तीन नोंदी फार जास्त सांगतात. पहिल्या अर्ध्या तासात १० सेंटिमीटर, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २५ असं दिसलं तर रेघेची वाट बघू नका.

घर सोडणं हे एकदम घ्यायचं पाऊल राहिलं तर कोणी ते घेणार नाही, आणि चार वेळा फुकट गेल्यावर तर नाहीच. एक दिवसाची मजुरी बुडते, गुरांचं काय हा प्रश्न असतो, घरात चोरी होईल ही भीती असते. ही कारणं खरी आहेत, त्यांना हट्ट म्हणू नका. म्हणून पुलावरच्या पट्ट्यांचेच पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे करा; लाल म्हणजे ‘निघा’ची रेघ. पिवळ्याला कागदपत्रं, औषधं, चार्ज केलेली बॅटरी एका पिशवीत. नारिंगीला अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका, डायलिसिसवाले, लहान मुलं आधीच वर, आणि गुरांची दावी सोडलेली. मग लालला उरलेल्या धडधाकट माणसांना निघायला वीस मिनिटं पुरतात आणि पाणी नाही आलं तरी फारसं काही बुडत नाही.

पाणी न आल्यावर दुसऱ्या दिवशी काय सांगता हे सर्वात महत्त्वाचं, आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. ‘काही झालं नाही’ असं गावभर होतं आणि पुढच्या वेळी कोणी हलत नाही. वहीतला आकडा फळ्यावर लिहा: ‘काल रात्री दोन वाजता पाणी उंबरठ्याच्या दोन फूट खाली थांबलं. त्या वेळी ओहोटी होती. भरती असती तर घरात आलं असतं.’ तीच रात्र लोकांना वेगळी दिसायला लागते.

निरोपाची भाषाही तितकीच नेमकी हवी. ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ याने कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. असं सांगा: ‘खालच्या वाडीतल्या सगळ्यांनी आत्ता निघायचं आहे. पुलाच्या लाल पट्टीला पाणी लागलं आहे. पहाटे चारला भरती आहे. तीनच्या आत प्राथमिक शाळेत पोचा. मोरीकडचा रस्ता सोडा, देवळामागच्या पाखाडीने या. गुरं सोडून द्या. शाळेत चूल पेटली आहे.’ शेवटचं वाक्य विसरू नका. पुढे काय आहे ते दिसलं की पाय निघतो. आवाज ओळखीचा हवा. पोलीस पाटील, आशाताई, देवळाचा आणि मशिदीचा दोन्ही भोंगे, आणि होडीवाल्यांचा ज्याच्यावर विश्वास बसतो तो तांडेल. लोक घाबरून पळापळ करतील म्हणून खरी माहिती दाबून ठेवू नका. आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी, क्वारांटेली यांच्यापासून अनेकांनी, वर्षानुवर्षं हेच दाखवलं आहे की सैरावैरा पळापळ क्वचितच होते. नेहमी होतो तो उशीर.

दोन जागी मात्र टप्पे वगैरे चालत नाहीत. दरडीच्या वस्तीत पाण्याच्या रेघा निरुपयोगी. तिथे जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडं आणि विजेचे खांब, अचानक गढूळ झालेला किंवा भर पावसात आटलेला झरा, न लागणारी दारं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला सगळ्यांनी उतारापासून बाजूला जायचं. तळिये येथे २२ जुलै २०२१ ला ऐंशीहून अधिक माणसं गेली, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. ‘आजोबांच्या काळापासून डोंगर असाच आहे’ हा इथला सर्वात घातक युक्तिवाद आहे. आणि पुराला भिऊन लोकांना डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत नेऊ नका. निवाऱ्याची जागा आधी उताराच्या दृष्टीने तपासून घ्या. धरणाखाली असाल तर तिवरे धरण फुटलं ती २ जुलै २०१९ ची रात्र आठवा. बांधावरची गळती वाढली किंवा गळणारं पाणी गढूळ झालं की तीच खूण.

पुलांबद्दल इतकंच. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल रात्री वाहून गेला आणि गाड्या त्या पोकळीत गेल्या. अंधारात, पावसात, दिव्याच्या उजेडात रस्ता पुढे आहे असंच वाटतं, आणि पायाखालची माती गेलेला पूल वरून धडधाकट दिसतो. पूल बंद करायचा तो पातळीवरून, दिसण्यावरून नाही. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठा माणूस पडू शकतो, ३० सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोटारी वाहून जाऊ लागतात.

आता मदतीचा प्रश्न. मुंबई-गोवा महामार्गावरून येणारा टेम्पो जिथे पहिली रडणारी माणसं दिसतात तिथे रिकामा होतो. त्यात वाईट हेतू नसतो, देणाऱ्याला तेवढंच दिसतं. जिथून फोन येतात तिथे मदत जाते. पण फोन करता येतो म्हणजे टॉवर चालू आहे, रस्ता आहे, माणसं बोलण्याच्या स्थितीत आहेत. निसर्गनंतर किनाऱ्याच्या बऱ्याच भागात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद होते आणि सर्वात मार बसलेल्या गावांतूनच बातमी येत नव्हती. म्हणून शांततेला माहिती समजा. गावाचा कागद वाडीवार करा, कारण कोकणात एका गावाच्या दोन वाड्यांमध्ये दोन-तीन किलोमीटर आणि एक पऱ्या, म्हणजे ओढा, असतो. प्रत्येक वाडीपुढे शेवटचा संपर्क कधी, कोणी, काय हवं. जिचा रकाना सहा तास कोरा, तिथे दोन माणसं चालत पाठवा, बाकी सगळं बाजूला ठेवून.

आलेल्या प्रत्येक बातमीपुढे तीन शब्दांपैकी एक लिहा: पाहिलं, ऐकलं, अंदाज. सोबत वेळ. पहिले आकडे जवळजवळ नेहमी चुकतात, कधी खूप जास्त, कधी खूप कमी. आणि एकदा बोललेला आकडा माणूस सोडत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत ओळखीची पाटी, पूल, देऊळ दिसत नसेल तर तो ‘ऐकलं’ मध्येच जाईल.

काय हवं हेही डोळ्यांनी ठरवू नका, विचारा. पडलेलं घर दिसतं म्हणून कपड्यांचे ढीग येतात. पुरानंतर खरी गरज असते फावडी, घमेली, खराटे, गमबूट आणि पिण्याच्या पाण्याची. वादळानंतर ताडपत्री, पत्रे, दोरी, आणि आडवी पडलेली पोफळ-माड कापायला करवती. बाहेरच्याला मोडलेली कौलं दिसतात, मोडलेली बाग दिसत नाही, आणि नारळ-पोफळ पुन्हा उत्पन्नाला यायला बरीच वर्षं जातात. पंचनाम्याआधी साफसफाई करावीच लागली तर तुटलेल्या झाडांचे बुंधे मोजून, फोटो काढून मग उचला.

विहिरीचं पाणी ही तर डोळ्यांची शुद्ध फसवणूक आहे. चार दिवसांत गाळ खाली बसतो, पाणी नितळ होतं आणि लोक पिऊ लागतात. हिशेब असा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले पाण्याची खोली. आले ते घनमीटर, म्हणजे हजार-हजार लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे १४० ग्रॅम. पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी शक्य तितकं उपसा, मग दुप्पट प्रमाणापासून सुरू करा, कारण गाळ क्लोरीन खातो. पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा. जुनी, ओली झालेली, वास न येणारी पावडर वापरू नका. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून, तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या.

शेवटी, तलाठी एक सांगतो आणि मंडळ दुसरंच, याबद्दल. घर रिकामं करायला लावण्याचा कायदेशीर अधिकार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्रशासनाला आहे, त्यामुळे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कळवत राहा आणि तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध काही करू नका. पण त्याखाली गावात समन्वयक एकच असावा आणि त्याने हातात दोर धरू नये. जो बचावाला पाण्यात उतरतो त्याला समोरचं एक घर दिसतं, बाकी गाव दिसत नाही. दर दोन तासांनी पाच मिनिटं थांबून वही उघडा आणि एकमेकांना विचारा: मघापासून काय बदललं? आपण आत्ताच इथे आलो असतो तर हाच निर्णय घेतला असता का? एका माणसाला कामच द्या की ठरलेल्या गोष्टीच्या उलट बाजू मांडायची. जुन्या माणसांपैकी कोणी असेल तर फारच चांगलं, त्यांना नदीचे असे काही मार्ग माहीत असतात जे नकाशात नाहीत. बारा तासांनंतर समन्वयक बदला, तो नको म्हणाला तरी. झोप नसलेल्या माणसाला पहिला निर्णय बरोबरच वाटत राहतो.

हे सगळं मृगाच्या आधी बसवायचं असेल तर मे महिन्यातली अमावास्या किंवा पौर्णिमा निवडा, रात्रीच्या भरतीला, दिवे बंद ठेवून खालच्या वाडीतून शाळेपर्यंत एकदा चालून बघा आणि घड्याळ लावा. वरच्या हिशेबातली १३५ मिनिटं तुमच्या गावाची किती होतात ते तिथे कळेल, आणि ‘निघा’ची रेघ त्यानुसार वर-खाली करा. ठरलेला कागद पोलीस पाटील, आशाताई, शाळा आणि प्रत्येक वाडीत एक असा प्लॅस्टिकमध्ये घालून द्या, मोबाइलवर ठेवू नका.